मेमध्ये पुण्याहून ताडोबा, स्वतःच्या गाडीने: टायर बदलू का? आणि बाकी तयारी काय?

गिरकी
नमस्कार मंडळी. मेच्या तिसऱ्या आठवड्यात ताडोबाचं बुकिंग मिळालंय, मोहर्ली गेट. वाघ बघायचा तर उन्हाळ्यातच, तेव्हाच ते पाणवठ्यावर येतात, हे सगळे सांगतात. त्या उन्हात मोहर्लीपर्यंत गाडी कशी न्यायची हे कोणी सांगत नाही. सासू-सासरे, नवरा, मी आणि सहावीतली लेक. परतीत सासऱ्यांना शेगाव करायचंय, त्यामुळे विमान किंवा रेल्वे बाद.

रस्ता असा ठरवलाय: नगर, संभाजीनगर, तिथून समृद्धी, वर्ध्याला उतरून हिंगणघाट-जाम-वरोरा. गाडी पेट्रोल हॅचबॅक, २०१९ ची. सर्व्हिसिंग वेळेवर होतं, पण गाडी फारशी चालत नाही, ऑफिसला मी मेट्रोने जाते. टायर गाडीबरोबर आलेलेच आहेत. नक्षी भरपूर शिल्लक आहे. गॅरेजवाले म्हणतात, "मॅडम, अजून पंधरा हजार किलोमीटर आरामात निघतील." नवरा म्हणतो समृद्धीवर टायर फुटतात, चारही बदलून टाकू. सासरे म्हणतात काही नको, उन्हात हवा फुगते, थोडी कमी ठेवली की झालं. घरात तीन पक्ष आहेत आणि सरकार कोणाचंच बनत नाहीये.

नायट्रोजन भरावा का, एसीचं काय बघून घ्यावं, रात्री निघावं की पहाटे, तेही सांगा.

रिकामटेकडा
रुमाल टाकून ठेवतो. आम्हालाही जूनच्या आधी नागपूर गाठायचंय.

स्टेपनी
बाकी सगळं नंतर. आधी सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा आणि हवा कमी करू देऊ नका. उन्हाळ्यात सगळ्यात जास्त पसरलेला आणि सगळ्यात घातक सल्ला हाच. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो. त्यावर बहुतेक वेळा दोन आकडे असतात, एक कमी वजनाचा आणि एक भरलेल्या गाडीचा. पाच माणसं आणि डिकीभर सामान म्हणजे दुसरा आकडा. तेवढी हवा, सकाळी गाडी थंड असताना. टायरच्या कडेवर जो मोठा आकडा छापलेला असतो ती कमाल मर्यादा आहे, तेवढी भरायची नसते.

तर्रीपोहे
काय घाबरून राहिले भाऊ तुम्ही पुणेकर. ४५ म्हणजे आमच्याकडे रोजचं. फक्त एक सांगतो ताई, दुपारी बारा ते चार आम्हीच घराबाहेर निघत नाही तं तुम्ही काऊन निघता? पहाटे चारला निघा, उन्ह चढायच्या आत जालना पार करा. दुपारी कुठंतरी कूलरखाली पडा. चारनंतर पुन्हा निघा.

अन् मोहर्लीला गेल्यावर गाडी झाडाखाली लावा. सफारीला तशीही जिप्सीच लागते.

पेठेतला
टायर बदला, कूलंट बदला, बॅटरी बदला. एकदम गाडीच बदला ना.

माझ्या गाडीचे टायर आठ वर्षांचे आहेत. वरंध घाट, आंबोली, सगळं करून झालंय. नक्षी आहे तोवर टायर आहे. ही वयाची भानगड टायरवाल्यांनी दुकान चालवायला काढली आहे. आमच्या वडिलांच्या काळात जुन्यावर नवं रबर चढवून, रिमोल्ड करून वापरायचे, कोणी मेलं नाही.

रबरी_माणूस
टायरच्या कारखान्यात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर उड्या मारत वाचा.

उन्हाने आतली हवा फुगून टायर फुटतो, हा समज चुकीचा आहे. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की दाब साधारण एक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) वाढतो. सकाळी ३३ भरलेला टायर दुपारी धावताना ३८-३९ दाखवेल. टायर त्यासाठीच बनवलेला असतो. मरतो तो हवा कमी असल्याने. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेरीला जास्त वाकते आणि परत सरळ होते. रबर प्रत्येक वेळी वाकताना थोडी ऊर्जा उष्णता म्हणून स्वतःजवळ ठेवतं. आता हिशेब करा. तुमच्या हॅचबॅकच्या चाकाचा परीघ दोन मीटरच्या किंचित आत. ताशी १२० ने गाडी गेली की चाक सेकंदाला सतराएक वेळा फिरतं. म्हणजे भिंतीचा तो प्रत्येक भाग सेकंदाला सतरा वेळा वाकतो, तासन् तास. पुण्यात सिग्नलवर थांबत जाताना टायरला निवायला वेळ मिळतो, समृद्धीवर मिळत नाही. आतली पोलादी तारांची पट्टी आणि रबर यांचा जोड तापून सुटायला लागतो, आणि मग एका क्षणी पट्टाच्या पट्टा निघून येतो. रस्त्याच्या कडेला काळी सालटी पडलेली दिसतात ना, ती हीच. बरीचशी ट्रकची असतात, पण गोष्ट तीच.

त्यामुळे अर्ध्या वाटेत पंपावर थांबून "दाब ३९ दाखवतोय, सहा काढा" असं कधी करू नका. तसं केलं की थंड झाल्यावर टायर २७ वर येतो.

आता वय. पेठेतला, तुमच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण अर्धंच. रबरात ऑक्सिजन आणि ओझोनपासून वाचवणारी रसायनं आणि मेण घातलेलं असतं. टायर फिरताना वाकतो तेव्हा ते मेण पृष्ठभागावर येत राहतं. कमी चालणारी, उन्हात उभी असलेली गाडी असेल तर ते येत नाही आणि रबर लवकर चिरतं. म्हणून पन्नास हजार चाललेला तीन वर्षांचा टायर पुष्कळदा वीस हजार चाललेल्या सात वर्षांच्या टायरपेक्षा बरा असतो. गिरकी, तुमची गाडी नेमकी दुसऱ्या प्रकारात बसते. टायर कंपन्यांचा सर्वसाधारण सल्ला असा आहे: पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या, दहा वर्षांनंतर कितीही चांगला दिसला तरी काढा. म्हणजे सात वर्षांचा टायर नियमाने बाद नाही. पण मेमधला विदर्भ, भरलेली गाडी आणि हजार-दीड हजार किलोमीटरची धाव असेल तर मी तरी त्यावर जाणार नाही.

तारीख बघायची असेल तर टायरच्या भिंतीवर "डॉट" (DOT) या इंग्रजी अक्षरांपासून सुरू होणारी ओळ शोधा. शेवटचे चार आकडे: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. एका बाजूला पूर्ण ओळ नसेल तर ती आतल्या बाजूला असते, गाडीखाली वाकावं लागतं.

निवांत_कोकणी
रबरी_माणूस, +१. वाचनखूण साठवली.

पेठेतला
टायरपुराण वाचलं. वाकण्याचा हिशेब पटला. पण मग समृद्धीवरच का फुटतात? सिमेंटचा रस्ता तापतो म्हणूनच ना?

कॉलर_ताठ
नाही. डांबर काळं, ते ऊन जास्त शोषतं. सिमेंट फिकट रंगाचं, ते बरंचसं परत फेकतं. मेच्या दुपारी दोन्हीवर हात ठेवून बघा (जरा लांबूनच).

पेठेतला
मग वर्तमानपत्रात छापून येतं ते खोटं?

स्टेपनी
खोटं नाही, कारण चुकीचं जोडतात. सिमेंट कडक असतं, त्यावर पाणी जावं म्हणून आडव्या रेघा मारलेल्या असतात, टायरची झीज थोडी जास्त होते, आवाजही जास्त. पण मुख्य फरक माणसांत आहे. ज्या गाडीने आयुष्यात सलग अर्धा तास ऐंशी पार केलेलं नाही, तिला लोक तिथे दोन-अडीच तास १२० वर दाबून ठेवतात. कारला मर्यादा १२० आहे, ती "एवढं चालवायलाच हवं" अशी सक्ती नाही. पाच जण घेऊन शंभरला धरलंत तर पोचायला थोडा उशीर होईल आणि पेट्रोलही वाचेल. २०२३ मध्ये आरटीओची माणसं समृद्धीच्या तोंडाशी उभी राहून टायर तपासत होती आणि गोटा झालेल्या टायरवाल्यांना परत पाठवत होती, ते उगाच नाही.

सई_सावंत_नव्हे
माझ्या मते टायरइतकाच मोठा धोका ड्रायव्हरच्या झोपेचा आहे. रस्ता सरळ, गावं नाहीत, गुरं नाहीत, हॉर्न नाही, काही म्हणजे काही होत नाही. अर्ध्या तासाने डोळे उघडे असतात पण माणूस तिथे नसतो. आम्ही दोघंही चालवतो, दर दीड-दोन तासांनी अदलाबदल करतो, झोप आलेली असो वा नसो. आणि मागे बसलेल्यांनीही पट्टा लावायचा. आजींनी साडी चुरगळते म्हणून नाही लावला तर गाडी हलणार नाही, असा आमच्याकडे नियम आहे.

गिरकी
सगळ्यांचे आभार! सासऱ्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "ठीक आहे, पण त्या रबरी माणसाला विचार नायट्रोजनचं."

रबरी_माणूस
:) हवेत ७८ टक्के नायट्रोजन आधीच आहे. शुद्ध नायट्रोजनचा फायदा एवढाच की तो कोरडा असतो आणि थोडा हळू झिरपतो. फुकट मिळाला तर घ्या. पैसे देऊन घेतलात तरी नुकसान नाही. पण वाटेत हवा कमी वाटली आणि पंपावर नायट्रोजन नसेल तर "मिसळ नको" म्हणून तसंच पुढे जाऊ नका. साधी हवा भरा. त्यापेक्षा सहा-सातशे रुपयांचा चांगला प्रेशर गेज घ्या. पंपावरच्या मशीनवर किती विश्वास ठेवायचा हे तुम्हीच ठरवा.

जुनी_पद्मिनी
तुमची चर्चा वाचून करमणूक होते आहे. आम्ही प्रीमियर पद्मिनीतून एप्रिल-मेमध्ये मुंबईहून इंदूरला जायचो तेव्हा पुढच्या बंपरला कॅनव्हासची पाण्याची छागल लटकवलेली असायची. एक छागल माणसांना, एक रेडिएटरला. कसाऱ्याच्या घाटात अर्ध्या वाटेवर गाडी फुरफुरून बंद पडायची. इंजिनजवळच्या पेट्रोलपंपात वाफ धरायची. मग बोनेट उघडायचं, पंपावर ओलं फडकं ठेवायचं, घाटातली माकडं बघत बसायचं, आणि फडकं वाळलं की पुढे. प्रत्येक गाडीवाल्याकडे असं फडकं असायचं, आणि फडक्यावरून वाद व्हायचे की कोणाच्या आईचं लुगडं फाडलं.

आता गाड्या इंजेक्शनच्या, ती वाफेची भानगड संपली. पण रेडिएटरबाबत एक जुनी गोष्ट आजही खरी आहे: गाडी उकळली की झाकणाला हात लावायचा नाही. माझ्या मेव्हण्याच्या हातावर तो डाग अजून आहे.

गारेगार
रेडिएटरवरून पुढे. उन्हाळ्याआधी कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) बघून घ्या, आणि कूलंट म्हणजे कूलंट, नळाचं पाणी नव्हे. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं असलं की उकळण्याचा बिंदू वर जातो, झाकणाच्या दाबामुळे आणखी वर जातो. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने आत क्षार बसतात आणि दोन-तीन उन्हाळ्यांत रेडिएटरच्या नळ्या बुजतात. त्याचबरोबर होसपाइप दाबून बघायला सांगा: फार मऊ झालाय का, फुगलाय का, क्लॅम्पशी चिरा आहेत का. पंखा एसी चालू केल्यावर फिरतो का हे तुम्ही स्वतः बोनेट उघडून बघू शकता, मेकॅनिक लागत नाही.

चालवताना तापमानाचा काटा वर जायला लागला तर एसी बंद, हीटर पूर्ण आणि पंखा पूर्ण, काचा उघड्या. आतले लोक शिव्या देतील, पण हीटर हा छोटा रेडिएटरच असतो, तो इंजिनची उष्णता ओढतो. मग सुरक्षित जागा बघून थांबा.

आता एसी. "दर उन्हाळ्यात गॅस टाकून घ्या" हा सर्व्हिस सेंटरचा आवडता मंत्र. एसीचा गॅस बंद चक्रात फिरतो, तो पेट्रोलसारखा संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय. गळती शोधा, ती बुजवा, मग भरा. नाहीतर दरवर्षी पैसे हवेत. बहुतेक वेळा दुखणं साधं असतं: आतली जाळी (केबिन फिल्टर) धुळीने भरलेली, किंवा रेडिएटरपुढचा कंडेन्सर किड्यांनी आणि चिखलाने बुजलेला. जाळी ग्लव्हबॉक्स काढून पाच मिनिटांत बदलता येते. कंडेन्सरवर पाणी मारायचं तर हलकं मारा, वॉशिंगच्या प्रेशरने पत्रे वाकतात.

वाळवंटातून
दुबईहून लिहितोय. इथे वार्षिक तपासणीत पाच वर्षांपेक्षा जुना टायर चालत नाही, त्यामुळे पेठेतले काका इथे आले तर त्यांना गाडी सोडून टॅक्सीने फिरावं लागेल.

उन्हात उभी केलेली गाडी गार करायची रीत: आधी सगळ्या काचा खाली, एक-दोन मिनिटं तशीच चालवा, गरम हवा बाहेर जाऊ द्या. मग काचा वर, एसी चालू, आणि थोड्या वेळाने आतलीच हवा फिरवायचं बटण. लोक दार उघडून लगेच बंद गाडीत एसी लावतात आणि मग "एसी मारत नाही" म्हणतात. पुढच्या काचेला चंदेरी पडदा लावा, स्टीअरिंगवर पांढरा नॅपकिन टाका, आणि पट्ट्याची धातूची कडी मुलीच्या मांडीला लागणार नाही हे बघा, चटका बसतो. बंद गाडीत पॉवरबँक, लायटर, डिओचा डबा ठेवू नका. मूल किंवा म्हातारं माणूस तर दोन मिनिटांसाठीही नको, "एसी चालू ठेवलाय" म्हणूनही नको.

पेठेतला
काका कोणाला म्हणता? मी चाळिशीतला आहे.

वाळवंटातून
टायर आठ वर्षांचे म्हटल्यावर वाटलं :)

भुईनळा
अवांतर: गाडी बरेच दिवस उभी असते म्हणालात ना, मग उंदीर बघा. आमच्या सोसायटीत एका रात्रीत पंख्याची वायर कुरतडली, आणि ते कळलं थेट लोणावळ्यात गाडी तापल्यावर.

कॉलर_ताठ
अरे देवा, उंदीर आले. आता हा धागा दोनशेला जाणार.

भुईनळा
हसू नका. डांबराच्या गोळ्या, तंबाखूची पुडी, कापूर, तो अल्ट्रासोनिक डबा, सगळं करून झालं. उंदीर तंबाखूच्या पुडीवर बसून वायर खात होता.

तर्रीपोहे
पुडी कोणती होती भाऊ? नागपूरची ठेवायची.

निवांत_कोकणी
आमच्याकडे मांजर आहे. वायरला हात लावत नाही, पण बोनेटवर झोपून रंगाची वाट लावली.

संपादक
मंडळी, उंदीर आणि मांजरांसाठी वेगळा धागा काढावा. इथे गाडीची तयारी.

भुईनळा
हीच तर तयारी! निघायच्या आदल्या दिवशी बोनेट उघडून बॅटरीने आत बघा. कुरतडलेले फोमचे तुकडे, लेंड्या, पालापाचोळा दिसला की गॅरेज गाठा. बास, माझं संपलं.

बॅटरीवाला_बंड्या
बॅटरी म्हणालात म्हणून. लोकांना वाटतं बॅटरी थंडीत मरते. आपल्याकडे ती उन्हाळ्यात मरते आणि डिसेंबरात कळतं. उष्णतेने आतलं पाणी उडतं, प्लेटा लवकर झिजतात. तीन-चार वर्षं झाली असतील तर निघण्याआधी तपासून घ्या. गाडी रात्रभर बंद असताना १२.५ व्होल्टच्या वर, चालू असताना १४ च्या आसपास. टर्मिनलवर पांढरी बुरशी असेल तर गरम पाणी आणि खायच्या सोड्याने साफ.

सई_सावंत_नव्हे
खायचा सोडा म्हणालात, म्हणून खायचं विचारते. वाटेत जेवायचं काय? मागच्या वेळी समृद्धीवर चहासाठी डोळे लावून बसलो होतो.

तर्रीपोहे
आता आला मुद्दा. समृद्धीवर झाडं नाही, टपरी नाही, वाटेत गाव लागत नाही. पंप आहेत, पण पाटी दिसली की टाकी भरून घ्यायची, पुढच्याचं पुढे पाहू म्हणायचं नाही. डबा घरून. धपाटे, दही नको (उन्हात आंबतं), शेंगदाण्याची चटणी, कैरीचं पन्हं थर्मासमध्ये. अन् प्रत्येकाच्या खिशात एक कांदा.

गारेगार
कांद्याने ऊन लागत नाही याला काही आधार आहे का?

तर्रीपोहे
आधार आजीचा आहे. तुम्ही थर्मासमध्ये पन्हं न्या, ओआरएस न्या, पाण्याचा वीस लिटरचा कॅन न्या. कांदा तरीही न्या. भूक लागली तं धपाट्यासोबत खाता येतो.

जुनी_पद्मिनी
ह्या मुलाला माझा पाठिंबा आहे.

हिशेबी
टोलचं कोणी बोललं नाही. फास्टॅगचा वार्षिक पास काढला असेल तर तो समृद्धीवर चालणार नाही. १५ ऑगस्ट २०२५ ला सुरू झालेला तो पास राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे, समृद्धी राज्याचा रस्ता. तिथे फास्टॅगमधल्या शिलकीतून पैसे जातात, आणि कुठे चढलात, कुठे उतरलात त्यानुसार किलोमीटरवर आकारणी होते. कारला किलोमीटरला दोन रुपयांच्या जवळपास धरा आणि शिल्लक आधीच भरून ठेवा. उतरताना रांगेत उभं राहून रीचार्ज करणारे मी पाहिलेत, मागचे हॉर्न वाजवून वेडे होतात. पीयूसी आणि विमाही बघा, लोक हमखास पीयूसी विसरतात.

नव्या_युगाचा
आमची गाडी इलेक्ट्रिक आहे. गेल्या मेमध्ये पुणे-अमरावती केलं. टायरचं वर लिहिलंय ते आम्हाला दुप्पट लागू, कारण बॅटरीमुळे गाडी जड. उन्हात एसी आणि वेग मिळून पल्ला चांगलाच घटतो, शंभरऐवजी नव्वदला चालवलं की लगेच फरक दिसतो. आणि चार्जरच्या ॲपवर "उपलब्ध" लिहिलंय म्हणून विसंबू नका, पुढचा चार्जर गाठण्याइतकं हातात ठेवूनच थांबा. आम्ही पोचलो तो चार्जर बंद होता आणि रखवालदाराने अत्यंत आपुलकीने सांगितलं, "कालपासून लाइटच नाही."

पेठेतला
बघा, म्हणून म्हणतो पेट्रोल.

गिरकी
अपडेट. आज रविवारी नवरा आणि सासरे दोघं गाडीखाली घुसले. तीन टायर २०१९ चे निघाले. डावीकडचा मागचा २०२१ चा आहे. मागे फुटपाथला घासून कड फाटली होती तेव्हा बदललेला. मोबाइलचा उजेड पाडून बघितलं तर जुन्या तिघांच्या भिंतीवर, रिमच्या जरा वर, केसासारख्या बारीक चिरा आहेत. नक्षीच्या खाचांच्या तळाशी पण. वरून टायर नवा दिसतो, म्हणून इतके दिवस लक्षच गेलं नाही. सासरे बराच वेळ अंगठ्याने दाबून बघत होते. मग म्हणाले, "बदला."

आता प्रश्न: तीन घेऊ की चार? आणि दुकानदार म्हणतो दोनच नवे घ्या, पुढे लावा, ओढतात ती चाकं पुढची, मागचे चालतील. हे बरोबर आहे का?

रबरी_माणूस
चिरा दिसल्या ना, मग विषय संपला. तीन टायरवर निर्णय झाला, चौथाही पाच वर्षांचा होत आलाय. चार घ्या.

दुकानदाराचं म्हणणं ऐकायला पटतं, पण उलट आहे. दोनच घेणार असाल तर नवे मागे लावतात. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ पुढे सरकते, तुम्ही ब्रेक मारता, सांभाळते. मागची घसरली तर गाडी गोल फिरते, आणि ती सांभाळणं आपल्यासारख्याचं काम नाही. पण हा फरक ओल्या रस्त्यावरचा, नक्षी कमी-जास्त असण्याचा. वयाने चिरलेल्या टायरला पुढे-मागे काही नाही, तो काढायचाच.

नवा घेताना त्याचीही तारीख बघा. गोदामात दोन वर्षं पडलेला "नवा" माथी मारतात. आकार तोच, टायरवरचा वजन पेलण्याचा आकडा आणि कमाल वेगाचं अक्षर गाडीच्या पुस्तकात आहे त्यापेक्षा कमी नको. व्हॉल्व्हही नवे बसवा, तो रबराचाच असतो आणि तोही सात वर्षांचा आहे.

कॉलर_ताठ
आणि स्टेपनी? (सदस्य नव्हे, टायर.)

स्टेपनी
सदस्यही हजर आहे. कॉलर_ताठ लाखातलं बोलले. गिरकी, डिकीतलं पाचवं चाक कधी वापरलं नसेल, म्हणून नवं वाटेल. तेही २०१९ चंच आहे, शिवाय त्यात हवा किती उरलीय देव जाणे. काढलेल्या चारमधला २०२१ चा टायर बरा निघाला तर तो स्टेपनीच्या रिमवर चढवा, दुकानात त्याच वेळी होईल. आकार बघून घ्या, काही गाड्यांत स्टेपनी लहान असते आणि तिच्यावर ८० ची मर्यादा लिहिलेली असते. जॅक आणि पान्हा जागेवर आहेत का तेही त्याच वेळी बघा. घरच्या अंगणात एकदा नट ढिले करून बघा. दुकानदाराने न्यूमॅटिक गनने आवळलेले असतात, साध्या पान्ह्याने हलत नाहीत. आणि समृद्धीवर गाडी थांबवावीच लागली तर धोक्याचा लाल त्रिकोण मागे लांब ठेवा, सगळ्यांना गाडीतून उतरवून कठड्यापलीकडे उभं करा. चाक बदलायची घाई नको.

सई_सावंत_नव्हे
हे शेवटचं वाक्य ठळक अक्षरात हवं.

गिरकी
चार सांगून टाकले. बुधवारी बसवते, अलाइनमेंट-बॅलन्सिंगसकट. सासरे व्हॉल्व्हचं ऐकून इतके खूश झाले की त्यांनी स्वतःच प्रेशर गेज मागवलाय. आता निघायचं कधी? रात्री निघावं असं नवऱ्याचं मत आहे, टायरही थंड राहतील म्हणतो.

सई_सावंत_नव्हे
टायर थंड राहतील, ड्रायव्हर झोपेल. दिवसभर ऑफिस करून रात्री निघणार असाल तर अजिबात नको.

तर्रीपोहे
पहाटे चार. माझं मत बदललं नाही. दुपारी मेहकर किंवा कारंज्याला खाली उतरून जेवा, आराम करा. अन् वर्ध्याला संध्याकाळी पोचले तं रात्री तिथंच थांबा, सकाळी सेवाग्राम पाहून पुढे निघा. अंधारात जंगलाकडच्या रस्त्यानं गाडी काऊन न्यायची? रस्त्यात रोही (नीलगाय) आडवा आला तं नवे टायर काय करतील?

स्टेपनी
बुधवारी बसवताय ते चांगलं. नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेला थर असतो, पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर पकड कमी असते. गावात तेवढं फिरवून घ्या, जोरात ब्रेक-वळणं टाळा. शंभरेक किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा आवळून घ्या. निघायच्या सकाळी हवा मोजा, अंधारात मोबाइलच्या उजेडात का होईना.

पेठेतला
मी पण आज वाकून बघितलं. २०१७. चिरा आहेत. कुठल्या दुकानातून घेताय ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

रिकामटेकडा
रुमाल उचलतो. सगळं टिपून घेतलं. फक्त माझी गाडी सीएनजीची आहे, समृद्धीवर कुठे भरता येतो हे कोणी सांगेल का?

संपादक
शोधून पाहिलं, त्यावर आधीच तीन धागे आहेत.